खांदा बसवायची बादली

आमच्या अंगणात एक बैलाची बंडी उभी आहे. बैल विकले, ट्रॅक्टर आला, शेजाऱ्यांनी आपापल्या बंड्या मोडून चुलीत घातल्या. मी माझी ठेवली. सून म्हणते, "मामाजी, हे बंडी हटवली तं मोटारसायकल ठेवाले जागा होईल." मी विचारतो, "मोटारसायकलवर खांदा बसवता येते काय?" मग ती भाकरी थापायला आत जाते. त्या बंडीवर माझा डावा खांदा इतक्या वेळा जाग्यावर बसला आहे की ती बंडी नव्हे, माझा दवाखानाच आहे.

मी चौथी शिकलो, तीही पूर्ण नाही. पण खांदा या विषयात मला कोणी शिकवायला येऊ नये. जवानीत मी कबड्डी खेळायचो. धान कापून शेतातली बांधी मोकळी झाली की त्याच बांधीत आखणी करायची आणि धसकटांवरच लोळायचं. अशाच एका खेळात पाचसहा जणांनी माझा हात धरून ओढला आणि खांदा निखळून बाहेर आला. त्यानंतर त्याला बाहेर फिरायची सवयच लागली. आळस दिला, निघाला. शर्ट घालताना, निघाला. म्हणून मी तेव्हापासून समोरून बटणांचाच शर्ट घालतो. लोकांना वाटतं म्हातारा शौकीन आहे. वाटू द्या.

बसवायची रीत माझी स्वतःची आहे. बंडीवर पालथं पडायचं, निखळलेला हात खाली लोंबता सोडायचा, लोखंडी बादलीची कडी दुपट्ट्यानं मनगटाला बांधायची आणि माझ्या म्हातारीनं त्या बादलीत गडव्यानं हळूहळू पाणी ओतायचं. वजन वाढतं, हात ताणला जातो आणि खट्ट! पण नुसत्या वजनानं होत नाही, अंग सैल पडावं लागतं. त्यासाठी म्हातारी पाणी ओतता ओतता तिच्या भावजयीची गोष्ट सांगते. भावजयीनं लग्नात तिला नेसलेलं लुगडं नवं म्हणून कसं दिलं, ती गोष्ट. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की पहिल्या वाक्यालाच माझे डोळे मिटतात. लुगड्याच्या काठाचं वर्णन येईपर्यंत खांदा जाग्यावर आलेला असतो.

या खांद्यानं मला फक्त एकदाच अडचणीत आणलं. गावच्या तंटामुक्त समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. ग्रामसभेत हात वर करून मत द्यायचं. उजव्या हातात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता म्हणून मी डावा हात वर केला. निघाला! हात बाजूला तसाच ताठ, खाली येईना. तेवढ्यात सचिवानं म्हटलं, "आता दुसऱ्या उमेदवारासाठी हात वर करा." माझा होताच. त्यानं दोन्हीकडं मोजला. दोघांना सारखी मतं पडली. एक म्हणाला, म्हाताऱ्यानं पैशे दोघांकडून घेतले. दुसरा म्हणाला, अर्धाच हात वर आहे, अर्धं मत धरा. तंटामुक्त समितीपायी गावात असा तंटा झाला की पुढली दिवाळी आली तरी दोन्ही घरं एकमेकांच्या दारावरून जात नव्हती.

आता नातीची गोष्ट. कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहितो आहे.

नात पवनीला कॉलेजात शिकते आणि कबड्डीत चढाई करते. साधी चढाई नाही, समोरच्या पोरी मागं मागं सरकतात अशी. डावा हात लांब करून टिपते आणि सापासारखी परत येते. मागल्या साली तिचा डावा खांदा निखळला. खरं सांगतो, मला थोडा अभिमानच वाटला. जमीन पोराच्या नावानं जाईल, पण खांदा नातीनं घेतला. मग तोही वारंवार निघायला लागला. केस विंचरताना निघाला, दोरीवरचे कपडे काढताना निघाला. आणि शेवटी निघाला तो भर मंडईत.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि कबड्डी, संध्याकाळी नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांची दाटी. आमच्या गावच्या मंडईत नात खेळत होती. तिनं हात घातला, समोरच्या एकीनं मनगट धरलं, बाकीच्या तिच्यावर पडल्या आणि नातीनं अशी किंकाळी मारली की मला पाहायची गरजच पडली नाही, माझाच खांदा दुखला. सगळे ऑटो आणा, ऑटो आणा म्हणून धावले. मी म्हटलं, "ऑटो नाही. बंडी."

तिला पालथं टाकलं, बादली बांधली, म्हातारीनं गडवा घेतला आणि लुगड्याची गोष्ट सुरू केली. पण झाली पंचाईत. नातीनं ती गोष्ट कधी पूर्ण ऐकलेली नव्हती.

"मग आजी, तू तिले काही म्हटलं नाई?"

"म्हटलं ना व! म्हटलं, वहिनी, याले हळद कायची लागली आहे?"

"मग?"

"मग काय, थे म्हणे, शुभ असते."

"अव बाई!" म्हणून नात उठायलाच लागली. अंग सैल पडायचं तर राहो, ती भांडायला तयार. शेवटी मी म्हातारीला पावसापाण्याचं बोलायला लावलं, तेव्हा कुठं खट्ट झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

पण कॉलेजच्या खेळाच्या सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते तिला नागपूरच्या हाडाच्या डाक्तराकडं घेऊन गेले. तिथं मशीनमध्ये घालून फोटो काढले आणि डाक्तरानं दोन वाटा सांगितल्या: ऑपरेशन करा, नाहीतर कबड्डी सोडा. तसा खांदा घेऊन तिला कोणी मैदानात उतरवणार नाही, असं सरही म्हणाले.

पोरगा माझा पुण्याकडं कंपनीत आहे. त्यानं फोनवर सांगितलं, "बाबा म्हणतील तसं." सून म्हणाली, "मामाजी म्हणतील तसं." म्हणजे मी म्हणणार तसं. मी म्हटलं, नाही. चाकू लावायचा नाही. माझं आयुष्य बादलीवर निघालं, हिचंही निघेल.

नात माझ्यासमोर येऊन बसली. "आबाजी, मले खेळाचं आहे."

"मंग खेळ ना. बंडी आहे, बादली आहे."

"दरवेळी निघन तं कोण घेईन मले टीममध्ये?"

"मी जगलो ना यावर इतके वर्सं?"

"तुमी जगले, आबाजी. मले जगाचं नाई, खेळाचं आहे."

मी खर्रा तोंडात टाकला, म्हणजे बोलायचं काम टळतं. पण तिनं जेवताना माझ्या ताटात भाजी वाढली आणि एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, ठीक आहे. तुझ्या डाक्तरालाच जाऊन समजावतो. डाक्तर शिकलेला माणूस आहे, रीत दाखवली तर त्यालाही कळेल.

मी बादली आणि नातीला घेऊन नागपूरच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, बादली कायले?"

"डाक्तरले दाखवाले."

त्यानं नातीकडं पाहिलं. नात खिडकीबाहेर पाहत होती, जणू आम्ही दोघं ओळखीचेच नाही. दवाखान्यात बाकावर बसलो तर शेजारच्या बाईनं डोळे मोठे केले. "का जी, लघवी तपासाले एवढी लागते काय?" मी म्हटलं, "नाही, माझी वेगळी केस आहे." ती बाई सरकून दुसऱ्या बाकावर गेली.

डाक्तर पोरगेलासा होता, पण बोलायला चांगला. मी त्याला सगळी रीत सांगितली. त्यानं ऐकून घेतली, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग त्यानं विचारलं, "आजोबा, ही बंडी म्हणजे साधारण केवढी असते?" मी दोन्ही हात पसरून म्हटलं, "एवढी."

निघाला.

नातीनं कपाळाला हात लावला. डाक्तर उठला. "आजोबा, हलू नका. आधी एक फोटो काढू."

"फोटो राहू द्या. बादली आहे."

"आजोबा, या वयात हाडाला चीर असू शकते."

"चीर असती तं मी बोंबललो असतो. मी बोंबलून राहिलो काय?"

त्यानं हाताचा, बोटांचा तपास केला, बोटं हलवायला लावली आणि मग, मला वाटतं त्यालाही पाहायचंच होतं, म्हणाला, "बरं, झोपा. हात मी धरतो." मी त्याच्या उंच पलंगावर पालथा पडलो. नातीनं बादली बांधली. नर्सबाईनं पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधून पाणी आणून ओतायला सुरुवात केली. अर्धी बादली झाली, काही नाही. पाऊण झाली, काही नाही.

"आजोबा, अंग सैल सोडा," डाक्तर म्हणाला.

"कसं सोडू? कोणी बोलतच नाही."

"काय बोलायचं?"

नातीनं खाली मान घालून सांगितलं, "घरचं काहीतरी. भांडणाचं."

डाक्तरानं नर्सबाईकडं पाहिलं. बाई म्हणाली, "मी काय बोलू, सर?" डाक्तर म्हणाला, "काहीही बोला." तेव्हा ती बाई थोडं थोडं पाणी ओतत बोलायला लागली. सुरुवातीला लाजली. मग तिची सासू आली बोलण्यात. सासू हिच्या डब्यातली भाजी काढून आपल्या लेकीला देते आणि वरून म्हणते की सुनबाईला भूकच नसते. बाईचा आवाज चढत गेला. "मी बारा तास उभी राहते सर, आणि मले भूक नसते?" डाक्तर "अरेरे" म्हणाला. आणि त्याच "अरेरे"वर माझे डोळे मिटले. खट्ट!

मी उठून बसलो. म्हटलं, "पाहिलं? झालं. आता सांगा, चाकू कायले पाहिजे?"

डाक्तर हसला नाही. म्हणाला, "आजोबा, तुमची रीत चुकीची नाही. हाताला वजन बांधून खांदा बसवायचं आमच्या पुस्तकातही आहे. मला फक्त एक सांगा. तुमची नात चढाईला जाईल, तेव्हा बादली हातात घेऊन जाईल का? आणि मागं ही सिस्टर सासूची गोष्ट सांगत धावेल?"

नात खुदकन हसली. नर्सबाई हसली. दारात वाकून पाहणारी ती लघवीवाली बाईसुद्धा हसली. मी हसलो नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ती चढाई आली, बादली आणि बाईसकट, आणि मला दुपट्ट्यानं तोंड पुसावं लागलं.

मग त्यानं टेबलावरचा प्लास्टिकचा खांदा हातात घेतला. म्हणाला, "हा हाताच्या हाडाचा गोळा. तो या बशीत बसतो. बशी उथळ असते, म्हणून तिला भोवती रबरासारखी किनार असते. पहिल्यांदा खांदा निघाला तेव्हा किनार फाटली. तेवढंच असतं तर दुर्बिणीतून टाके घालून ती परत शिवली असती. पण पुनःपुन्हा निघून निघून हिच्या बशीचा काठच समोरून झिजला आहे. आणि कबड्डीत चारजणी हात ओढणार. नुसती शिवण टिकणार नाही."

"मंग?"

"खांद्यासमोर हाडाचं एक छोटं टोक असतं. ते त्याला चिकटलेल्या स्नायूसकट कापायचं आणि झिजलेल्या काठावर आणून स्क्रूनं बसवायचं. हाडानं काठ वाढतो, आणि हात वर गेला की तो स्नायू पट्ट्यासारखा गोळ्याला समोरून धरून ठेवतो."

मी त्याच्या हातातला तो खांदा घेतला आणि फिरवून पाहिला. आता हे मला आधीच कोणी नीट सांगितलं असतं तर एवढी बादली वाहून आणावी लागली नसती. मी म्हटलं, "म्हणजे बांधीचा धुरा फुटला, असं म्हणा ना."

"कसं?"

"बांधीच्या कडेले मातीचा धुरा असते, पाणी अडवाले. त्याले लहान खांड पडली तं चिखल थापला, झालं. पण पाणी रोजच तिथून जाऊन धुराच खचला असन, तं चिखल नाई टिकत. मंग दुसरीकडून गवतासकट ढेकूळ कापून आणाचं आन त्या खांडीत बसवाचं. गवताच्या मुळ्या धरतेत."

"अगदी तसंच समजा," डाक्तर म्हणाला.

"मंग स्क्रू कायले? ढेकूळ पायानं दाबतो आमी."

"आजोबा, इथं पाय देता येत नाही."

हे मला पटलं. स्क्रू गंजतो का, तेही विचारून घेतलं. नाही गंजत म्हणे. मी म्हटलं, "मग करा. पण हे मी ठरवलं, तुम्ही नाही." नातीनं माझा उजवा हात धरला. डावा धरायची तिची हिंमत झाली नाही.

ऑपरेशन झालं. मी बाहेर बादलीवर बसून होतो, उपडी घालून. बाकं भरली होती आणि बादली माझीच होती. किती वेळ गेला ठाऊक नाही, पण खर्रा संपला आणि मी दुसरा आणायला गेलो नाही, एवढंच सांगतो. डाक्तर बाहेर आला आणि म्हणाला, "ढेकूळ बसलं, आजोबा."

खरी लढाई घरी होती. आमच्याकडं कोणी दवाखान्यातून घरी आलं की अख्खं गाव पाहायला येतं. येताना बिस्कीटचा पुडा आणतात आणि येऊन बसतात. इथपर्यंत ठीक. पण बसल्यावर प्रत्येकजण म्हणणार, "दाखव बरं माय, हात वर होते काय?" डाक्तरानं बजावलं होतं, हात पट्ट्यात राहील, बाहेरच्या बाजूला वळवायचा नाही, वर करायचा नाही. म्हणून मी दारात खाट टाकली आणि बेशरमच्या झुडपाची ओली काडी घेऊन बसलो.

शेजारची म्हातारी आली. म्हणाली, "तेल आणलं. रगडून देतो, दोन दिवसात मोकळा होते."

"तेल ठेव. हात नको लावू."

"तू लय शायना झाला काय रे? जन्मभर बादली बांधली आन आता डाक्तर झाला?"

"होय. झालो."

"मंग तिचा नाई तं नाई, तुझा दाखव."

"माझा पाहा, लाव तेल!" म्हणून मी शर्टाची बटणं काढली. ती तेल घेऊन पळाली. त्यानंतर जो येई त्याला मी आधी माझाच खांदा दाखवी. लोक बिस्कीट ठेवून लवकर जायला लागले. पुड्यांचा ढीग झाला, आणि आमची म्हातारी रोज चहात बुडवून खाऊन म्हणायची, "अजी, असंच एखादं ऑपरेशन दरसाल व्हाले पाहिजे."

पट्टा निघाला, मग व्यायाम सुरू झाला. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रबराचा पट्टा खिडकीला बांधून ओढायचा. मी समोर बसून पाहायचो. तिनं कंटाळा केला की मी म्हणायचो, "गवत धरते काय, पाहू." धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सून म्हणाली, पोरगी वाकून रोवणा करेल तर व्यायामच होईल. नात म्हणाली, "डाक्तरानं नाई सांगितलं." डाक्तरानं रोवण्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण मी म्हटलं, "सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं." सून एकटी चिखलात गेली. बांधीवर आमच्या दोघांच्या नावानं जे बोलली असेल ते मी ऐकलं नाही, म्हणून लिहीत नाही.

पाऊस संपता संपता डाक्तरानं खांदा तपासला, ओढून पाहिला, दाबून पाहिला, आणि खेळायला मोकळी केली. मग परत मंडई आली.

आता माझ्या जिवाचं ऐका. साऱ्या गावाला मी सांगून ठेवलं होतं की खांदा पक्का आहे, तो मीच ठरवून बसवून घेतला. त्यामुळे पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती माझ्यासाठी. पण नात मैदानात उतरली आणि माझे पाय त्या खुर्चीकडं वळेनात. मी म्हटलं, मला जिलेबी खायची आहे. आणि मैदानाच्या कडेला जिलेबीचं दुकान होतं तिथं, मैदानाकडं पाठ करून, बाकावर बसलो. मी भित्रा नाही. मला जिलेबी आवडते.

जिलेबीवाला नेमका मैदानाकडं तोंड करून उभा होता. हातात झारा, समोर कढई. मी त्याच्या तोंडाकडं पाहत बसलो. सगळा सामना मी त्या माणसाच्या तोंडावर पाहिला. तो ओठ चावला की समजायचं, आपल्या पोरी मागं आहेत. भुवया वर गेल्या की समजायचं, कोणी बाद झाली. भोंग्यावर सांगतील म्हणून कान दिला, तर भोंगेवाला म्हणत होता, "ज्या कोणाची टमटम नाटकाच्या मंडपाच्या दारात लावली आहे, त्यानं ताबडतोब काढावी."

अचानक जिलेबीवाल्याचा झारा थांबला. तोंड उघडं राहिलं. मागून गलका उठला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हात धरला."

"कोणता?"

त्याचे डोळे मैदानावरच. मी ओरडलो, "कोणता हात, बे?"

"डावाच, बुवा! चौघी लोंबकळल्या!"

माझ्या पाठीमागं काय चाललं होतं ते मला त्याच्या कढईत दिसत होतं. जिलेबी तांबडी झाली, मग काळी व्हायला लागली, आणि तो झारा उचलून तसाच उभा. मी वळलो नाही. वळता येतच नव्हतं, मान लाकडाची झाली होती. कढईतून धूर निघाला. तो धूर माझ्या डोळ्यांत गेला, डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं. मी फक्त कान उघडे ठेवले, ती किंकाळी येते का म्हणून. मागल्या मंडईत आली होती तशी.

किंकाळी आली नाही. गावानं आरडाओरडा केला, शिट्ट्या वाजल्या, आणि जिलेबीवाला झारा हवेत फिरवत ओरडला, "नेल्या! चौघीले घेऊन लाइनीवर गेली! ओढत नेल्या, बुवा!"

"हात?"

"हात आहे ना! हातच तं टेकवला!"

मी म्हटलं, "मला माहीतच होतं." आवाज जरा चिरका निघाला, धुरामुळे.

ती शेवटचीच चढाई होती. सामना संपला आणि नात आली, मातीनं भरलेली, दम लागलेली. "आबाजी, पाहिलं?"

"पाहिलं ना."

"कुठून? तुमची पाठ होती."

"पाठीनं पाहिलं."

ती माझ्या शेजारी बाकावर बसली. जिलेबीवाला कढईतला तो काळा घाणा काढून टोपलीकडं नेत होता, तोंडानं स्वतःला शिव्या देत. मी म्हटलं, "फेकू नको गा. इकडं आण."

"बुवा, जळून गेली हे."

"मले दिसते. आण."

आम्ही दोघांनी ती खाल्ली. कडू होती, दातात कचकचत होती, पाकात तर पडलीच नव्हती. नातीनं एक घास घेऊन तोंड वाकडं केलं. मी दुसरी उचलली.